काचेची केबिन

लोखंडी कपाटांवर रंगाचे फवारे मारण्यात काकांचं आयुष्य गेलं. एक दिवस मालकांनी अचानक त्यांना सुपरवायझर व्हायला सांगितलं. बसायला काचेची केबिन, रंगाचा वाससुद्धा नाही. फक्त आधी डॉक्टरी तपासणी करून घ्यायची होती.

काकांना तेव्हा खोकल्यातून रक्त पडायचं, पण घरात कुणालाच माहीत नव्हतं. तपासणीत ते उघड झालं असतं, तर हातची नोकरीही गेली असती. त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

काकू भडकली. "अहो, चालून आलेली जागा सोडताय? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"लोकांवर ओरडणं मला जमायचं नाही," काका म्हणाले.

ते फवारेच मारत राहिले. वर्षाच्या आत दवाखान्यात काकूला सगळं कळलं. "मला तरी सांगायचं," ती म्हणाली. उत्तर देण्याइतका श्वास काकांकडे उरला नव्हता.