सृष्टीच्या कार्डावरचा नुस्ता-भात

शेवंतीबाय शाळेत शिरली की निम्मी पोरं आपणहून नखं लपवत आणि उरलेली पोटात दुखतंय म्हणत. शाळातपासणीच्या गाडीतून दहा-अकरा वर्षं हिंडणारी ही नर्स. मालवणच्या आसपास अशी शाळा नसेल, जिथे वजनकाट्यापाशी उभी राहून ती ‘चपला काढा रे’ म्हणून ओरडली नाही. सरकारी कागद ती शुद्ध मराठीत भरायची आणि पोरांशी मालवणीत बोलायची. आपल्यावाचून खात्याचं पान हलणार नाही अशी तिची पक्की समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती.

त्या जानेवारीत तिला सपाटून पडसं झालं होतं, म्हणून ती तोंडाला मास्क लावून तपासणीला बसली. चौथीतली सृष्टी पुढे आली.

“नाव काय गो तुझा?”

“व्हय.”

“कितवीत आसंस?”

“व्हय.”

वर्ग खदाखदा हसला. “जरा मंदच आहे हो ती,” गुरुजींनी कानाशी येऊन सांगितलं. शेवंतीबाय हसली नाही. तिने मास्क खाली ओढला आणि तेच प्रश्न पुन्हा विचारले. पोरीने तिच्या ओठांवर टक लावली आणि नाव, आडनाव, इयत्ता सगळं धडाधड सांगून टाकलं. किती दिवस ही पोर लोकांची तोंडं बघून वेळ मारून नेत होती, कोण जाणे!

पथकाच्या डॉक्टर चारुता विदर्भातून नव्याने आलेल्या. हुशार बाई, आणि मायाळूही. त्यांनी बघितलं तर दोन्ही कान मळाच्या खड्यांनी गच्च भरलेले. वर्गात बसून ते काढण्यासारखे नव्हते. मंगळवारी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात कानाचे डॉक्टर बघणार होते, पण त्यासाठी संमतीपत्रावर पालकांची सही हवी होती आणि घरचं कुणीतरी सोबत हवं होतं. हे सगळं लिहिताना डॉक्टरांची नजर घरून भरून आलेल्या फॉर्मवर गेली. ‘रोजचा आहार’ या रकान्यापुढे सृष्टीच्या आईने लिहिलं होतं, ‘नुस्ता-भात’. पोरीचं वजनही जरा कमीच भरलं होतं. डॉक्टरांचा जीव कळवळला. त्यांनी कार्डावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘मुलीला नुसता भात देऊ नये.’

शेवंतीबाय तेव्हा पलीकडच्या खोलीत जंताच्या गोळ्या वाटत होती. नाहीतर पुढचं रामायण घडलंच नसतं.

सोमवारी कागद परत आले. सही नव्हती. मागे पेन दाबून लिहिलं होतं, ‘आम्हाला तुमचा दवाखाना नको.’ शेवंतीबायने स्कूटर काढली ती तडक सृष्टीच्या घरी.

सृष्टीची आई प्राजक्ता अंगणात बांगडे साफ करत बसली होती. तिचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. तिकडे माशांना नुस्ता म्हणतात, आणि मासा नसला तर जेवणाला जेवण म्हणत नाहीत. शेवंतीबायला बघताच ती आपल्या चेडवासाठी, म्हणजे लेकीसाठी, उसळली.

“कान बघूक गेलास तर कान बघा. माझ्या चेडवाचा नुस्ता कित्या बंद केलास? शुक्रवारपासून नुस्त्याशिवाय शिवराक जेवता ता. डाळ बघून रडता! उद्या ओरोसाक नेलंय तर आणि काय काय बंद करतले?”

शेवंतीबायने कार्ड दोनदा वाचलं आणि ओटीवर बसकणच मारली. हसून हसून तिला ठसका लागला.

“अगो बाय माझे! त्या डॉक्टरांच्या गावात नुसता म्हणजे कोरो. तू चेडवाक कोरो भात घालतंस असा वाटला तेंका.”

“कोरो भात? माझ्या घरात?” प्राजक्ताचा राग आता दुप्पट झाला.

शेवंतीबायने तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. “मॅडम, सृष्टीच्या फॉर्मवरचा नुस्ता म्हणजे मासे. तिची आई इथेच ऐकतेय.” पलीकडून आवाज आला, “अगं बाई! म्हणजे मी पोरीचे मासे बंद केले? ताई, चुकलं माझं. द्या तिला, भरपूर द्या!” एवढी शिकलेली बाई माफी मागते म्हटल्यावर प्राजक्ता नरमली. पण सहीसाठी पेन पुढे केलं तशी तिने हात मागे घेतला. खरी भीती आता बाहेर आली.

“लोक बहिरा म्हणतले गो तेका.”

“आज मंद म्हणतत. ता बरा वाटता तुका?”

प्राजक्ताचे डोळे भरले. गुरुजींचं ते बोलणं तिच्याही कानावर आलं होतं, आणि तिनेही पोरीला कितीदा ‘लक्ष खंय असता तुझा?’ म्हणून धपाटे घातले होते. तिने लुगड्याला हात पुसला न पुसला आणि सही केली. संमतीपत्राला बांगड्याचा वास लागला तो लागलाच.

मंगळवारी ओरोसला अर्ध्या तासात काम झालं. आधी थेंब, मग कोमट पाण्याची पिचकारी, आणि डॉक्टरांनी ताटलीत पडलेले खडे दाखवले. प्राजक्ता आणि सोबत आलेली शेवंतीबाय बाहेर बाकावर येऊन टेकल्या. सृष्टी जरा लांब, खिडकीपाशी पाठमोरी उभी राहून बाहेरच्या गाड्या बघत होती.

प्राजक्ता शेवंतीबायकडे वाकून कुजबुजली, “तेका सांगा नकात हां. जाताना मालवणात उतरून आईस्क्रीम घेवन देवचा म्हणतंय.”

“माका आंब्याचा होया,” खिडकीतून मान न वळवता सृष्टी म्हणाली.

प्राजक्ताला जे रडू फुटलं ते थांबेना. तिला समजवायला गेलेली शेवंतीबाय स्वतःच रडायला लागली. काय झालं म्हणून येणारेजाणारे थांबले, तेव्हा प्राजक्ताने नाक पुसत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “माझ्या चेडवान आयकला!”