बंदुकीचा जबाब

कुवेतमधल्या खैरानच्या समुद्राकाठच्या बंगल्यातली ती घटना अजून माझ्या मनातून गेलेली नाही.

शिपाई म्हणून भरती होऊन मी फौजदार झालो. एका वरिष्ठाने गोपनीय अहवालात 'तापट, बेभरवशाचा' असा शेरा मारला आणि बढती कायमची अडली. तो राग घेऊनच निवृत्तीनंतर कुवेतला एका व्यापारी घराण्याच्या सुरक्षेचे काम धरले.

थोरले मालक वारल्यावर त्यांच्या मुलाने मला बोलावले. भिंतीवरची खानदानी ठासणीची बंदूक कुणीतरी बदलली, असा त्याचा संशय होता. जुन्या फोटोत ती टोपीवर, म्हणजे दारूच्या केपावर घोडा आपटून उडणारी होती; भिंतीवरची मात्र त्याहून जुन्या तऱ्हेची, गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी चकमकीची. ड्रायव्हरने खबर दिली की अब्बासियाच्या कामगार वस्तीत राहणारा आमचा कोकणी फिटर ती चादरीत गुंडाळून घेऊन गेला होता. मुलगा पोलिसांकडे निघालाच होता. तक्रार झाली असती तर फिटरची नोकरी आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, दोन्ही गेले असते. मी तीन दिवस मागितले, म्हणजे एक मिळतो. एक मिळाला.

डायरीत 'आरोपी' लिहून मी फिटरला समोर बसवले.

"बंदूक नेलीस?"

"नेली, साहेब."

"आणि दुसरी आणून टांगलीस."

"तीच टांगली."

"मग फोटोतली कुठे गेली, शहाण्या?" मी टेबलावर हात आपटला.

"मोठ्या मालकांना शब्द दिलाय. तुम्ही ओरडा, मी बसलोय."

चोर इतका निवांत बसत नाही. मी बंदूक फोटोशेजारी ठेवली. दस्त्यावरची चीर तंतोतंत तीच. "तू बोलू नकोस, हिचा जबाब घेतो," म्हणत मी त्यालाच घोडा बसवलेली बाजूची लोखंडी पट्टी उघडायला लावली. आत चकमकीचे भाग बसायच्या जागी जुनी, कधीकाळी बुजवलेली तीन भोके होती. दोन उघडून त्यांतच नवे स्क्रू बसवले होते, तिसरे तसेच होते. म्हणजे बंदूक मुळात चकमकीचीच. टोपी मागाहून आली होती.

तेव्हा तो बोलला. "बाबा गावाकडे शेतराखणीच्या बंदुका दुरुस्त करायचे. मालक म्हणाले, माझ्या आजोबांच्या हातात होती तशी करून दे. ईदला मुलाला दाखवीन, तोवर बोलू नकोस. ते ईदच्या आधीच गेले. आता शब्द कुणाकडून सोडवून घेऊ?"

काढलेला टोपीचा घोडा मालकांच्या मेजाच्या खणात सापडला. मुलाने तो फोटोतल्या बंदुकीशी ताडून पाहिला. मग म्हणाला, "त्याला जाऊ दे."

"तोंडी नको," मी म्हणालो. "काम वडिलांच्या हुकमाने झाले, काही गहाळ नाही, असे लिहून सही करा." त्याने कपाळाला आठ्या घातल्या. मी हललो नाही. सही झाली.

गप्प माणूस दरवेळी काही लपवतच असतो असे नाही. कधी तो राखत असतो. हे मला नोकरीभर कळले नव्हते. डायरीतला 'आरोपी' मी स्वतःच्या हाताने खोडला. माझ्या वरिष्ठाला तेवढे एकदा जमायला हवे होते.