बकुळाबाईंचा चुकणारा ठोका

सकाळचे साडेसात झाले होते. बकुळाबाई मेथी निवडत होत्या आणि निवडता निवडता, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, छातीतले ठोके मोजत होत्या. समोर रामदासराव पेपर उघडून बसले होते, पण नजर चष्म्यावरून बायकोकडेच. एवढ्यात टक, टक, मग जरासा खंड, आणि धप्पकन एक मोठा. बकुळाबाईंचा हात आपसूक छातीवर गेला. पुन्हा तसंच झालं तेव्हा त्यांना कळलं, की हे काळीज नव्हे, दार आहे.

करी रोडच्या त्या टॉवरमध्ये दारावर थाप मारावी लागणारं हे एकच घर. बेल होती, पण ती वाजली की बायको दचकते म्हणून रामदासरावांनी तिची वायर काढून ठेवली होती. मिक्सरसुद्धा बाई आंघोळीला गेल्या की लावायचा, असा नवा नियम. ऐरोलीच्या अभयने आईसाठी मनगटावरचं घड्याळ पाठवलं होतं. ठोक्यांचा आकडा शंभराच्या वर गेला की त्याच्या मोबाईलवर दिसायचं, आणि लगेच फोन, आई काय करतेयस म्हणून. आई कुकर उतरवत असायची.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, बसल्या जागी, छातीत मासळीने शेपूट मारावं तसं झालं आणि हे सुरू झालं. परळच्या डॉक्टरांनी एक दिवस छातीला वायरी लावून सगळं तपासलं. एखादा ठोका घाईने पडतो, मग जरा थांबतं, मग पुढचा जोरात येतो. हृदय चांगलं आहे, चहा कमी करा, झोप नीट घ्या, म्हणाले. बकुळाबाईंना ते पटलं. एकतीस वर्षं त्यांनी महापालिकेच्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर काढली होती. रांगेतला कोण खरा आजारी आणि कोण नुसता घाबरलेला, हे त्यांना नाव लिहून घेतानाच कळायचं. स्वतःचं नाव त्यांनी दुसऱ्या यादीत घातलं होतं.

पण डोक्याला पटलेलं कानाला कुठे कळतं? डाव्या कुशीवर झालं की उशीतून ठोका ऐकू येई. भिंतीपलीकडे नवा भाडेकरू यावा आणि त्याने सतत काहीतरी ठोकत बसावं, तसं. बाईंनी उजवी कुशी धरली, दुपारचा चहा सोडला. त्या भाडेकरूशी त्यांचं हळूहळू जमायलाही लागलं होतं. मग तो रविवार आला.

वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून पुढचे तीन महिने, तळमजल्यावरच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन असतं. मोठ्याने वाचायचं काम एकोणीस वर्षं बकुळाबाईंचं. चाळीत होत्या तेव्हाही, चाळ पाडल्यावर संक्रमण शिबिरात होत्या तेव्हाही. या बायकांचा एक कडक दंडक आहे. प्रकरण अर्ध्यावर सोडायचं नाही. वाचणारी अडली, तर शेजारची ग्रंथ आपल्यापुढे ओढून तिथूनच पुढे वाचते. त्या रविवारी ओळीच्या मध्येच ठोका चुकला आणि बाई श्वास घ्यायला थांबल्या. पंधरा बायका एकदम उठल्या. कुणी पाणी आणलं, कुणी पदराने वारा घातला, कुणी अभयला फोन लावला. तेवढ्यात दंडकाप्रमाणे ग्रंथ मेघनापुढे गेला. चार रविवार झाले, तो परत आलेला नाही.

आता दारात मेघनाच होती. बँकेत नोकरी करणारी, दहाव्या मजल्यावरची. जयभीम घालून ती आत आली, खुर्चीच्या टोकावर बसली. महिला मंडळाने ठरवलंय, ती म्हणाली, की या रविवारी मावशींचा सत्कार करायचा. शाल, फुलं. पुढच्या ओळीत त्यांच्यासाठी हाताची खुर्चीसुद्धा आणलीय. आता मावशींनी नुसतं ऐकायचं.

"काकांना विचारलंय मी. ते हो म्हणाले."

रामदासरावांनी पेपर जरा वर धरला.

बकुळाबाईंनी हातातली मेथीची काडी पूर्ण निवडली. मग म्हणाल्या, "मेलेय का गं मी?"

"तसं नाही, मावशी. त्या दिवशी तुम्ही पांढऱ्याफटक दिसत होता."

"पांढरी साडी होती ती."

मेघनाला हसू आलं आणि तिने ते आवरलं. बकुळाबाईंनी हात पुसले, नवऱ्याच्या हातातला पेपर काढून घेतला, मनगटावरचं घड्याळ सोडून मेथीच्या ताटाशेजारी ठेवलं आणि मोकळं मनगट मेघनापुढे धरलं. बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. मग पाणीकपातीची बातमी त्या खणखणीत आवाजात वाचू लागल्या. कुठल्या वॉर्डात, किती वाजल्यापासून, किती वाजेपर्यंत. तिसऱ्या वॉर्डाशी मेघनाची बोटं दचकली. एक ठोका आलाच नव्हता. बाई थांबल्या. रामदासराव खुर्चीतून अर्धे उठले. मेघनाने दुसऱ्या हाताने त्यांना खाली बसायची खूण केली. मग तिच्या बोटाखाली एक दणकट ठोका पडला, आणि बाई त्याच वॉर्डापासून पुढे निघाल्या. पाणी उकळून, गाळून प्यावे, इथवर.

"एवढंच असतं?" मेघनाने विचारलं.

"एवढंच. मला त्याची भीती राहिली नाही. मी थांबले की तुमची तोंडं कशी होतात, त्याची वाटते. ती बघून पुढचे चार ठोके चुकतात."

रामदासराव उगाच मेथीची जुडी चाळवत होते. बाई त्यांच्याकडे वळल्या, पण बोलल्या दोघांशी.

"सत्कार नको, खुर्ची नको. रविवारी मी वाचीन. मध्येच थांबले, तर कुणी उठू नका."