तेवीस चितळांचे साडूभाऊ

रायपूर राजधानी झाल्यापासून इथे मोठमोठे साहेब पाहिले, पण हरणांच्या लेंड्या पाहून ज्याचा चेहरा उजळतो असा माणूस मला एकच भेटला, आणि तो माझा साडू निघाला. ते प्राणिसंग्रहालयात जनावरांचे डॉक्टर. लोक वाघासमोर गर्दी करतात. यांचे सगळे लक्ष चितळांच्या पोटातल्या जंतांवर. खिशात नेहमी दोन-तीन प्लास्टिकच्या डब्या. एकदा पंडरीच्या कापडबाजारात लग्नाचे कापड घेताना त्यातली एक दुकानदाराच्या गादीवर उघडली. "क्या है भैया, सुपारी?" म्हणत त्याने हात पुढे केला. "हाथ मत लगाना, सैंपल है," हे शांतपणे म्हणाले. आमच्याकडे आले की चहाआधी मीठ मागायचे. मिठाच्या दाट पाण्यात लेंडी कालवली की जंतांची अंडी वर तरंगतात आणि मोजता येतात, हे त्यांनी माझ्या बायकोला भर पंगतीत समजावले. "भाऊजी, वरण वाढू का आता?" तिने कसेबसे विचारले. "वाढा ना! मी काहून थांबवून राहिलो तुम्हाले?"

मोजण्यापलीकडे मात्र त्यांच्या हाती फारसे काही नव्हते. औषध दिले की अंडी कमी होत, दोन-तीन महिन्यांत पुन्हा तितकीच. राजधानीच्या पाहुण्यांना हिरवळ दिसावी म्हणून कुंपणातल्या गवताला रोज पाणी सुटे, आणि त्या ओल्या गवतावरूनच जंत परत पोटात जात. निम्मी जमीन काही महिने कोरडी, रिकामी ठेवा, असे अर्ज त्यांनी सात वेळा केले. सातही प्रती मी वाचल्या आहेत. उत्तर एकाचेही आले नाही.

त्या वर्षी एक लंगडी मादी फारच खंगली होती. माझी नोकरी हिशेबाची, म्हणून औषधाचा हिशेब करायला ते माझ्याकडे आले. मी तेवीस जनावरांचे अंदाजी वजन धरले, गुणाकार तीनदा तपासला आणि सल्ला दिला, "सगळं औषध एकदाच भरड्यात कालवा, एकाच गव्हाणीत घाला. वेगवेगळं मोजलं की चूक होते."

"अन् लंगडीचं कसं जी?"

"तिचा वाटा यात धरला आहे," मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

पंधरा दिवसांनी कळपाची सरासरी निम्म्यावर आली. मला समाधान वाटले. लंगडीची अंडी मात्र होती तितकीच होती. शिंगवाल्या नरांनी गव्हाण रिकामी केली, तेव्हा कुठे ती तिथवर पोचली होती. महिना संपायच्या आत ती गेली.

मी शब्द जुळवत त्यांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "गुणाकार बरोबरच होता तुमचा, भाऊ. शिंगवाले आधी खातात, हे तर मले माहीत होतं ना." एवढेच. माझ्यावर चिडले असते तर बरे झाले असते.

आता ते बारा घमेली दूरदूर मांडतात आणि सगळी जनावरे खाईपर्यंत उन्हात उभे राहतात. गवताला पाणी अजून रोजच सुटते. यंदाही पावसाळा सरता सरता आकडे पुन्हा चढले.

"मग एवढं कशासाठी करता?" मी विचारले.

"जगतील तितके दिवस पोटभर तर खातील."

कुंपणाच्या कडेला शेवटच्या घमेल्यात एक बारकी मादी तोंड घालून सावकाश खात होती, आणि तिला हाकलायला कोणी येत नव्हते.