नकाशात नसलेलं डॉट खान्देश

लग्नाकार्यात गेलं की मी ठरवते, आज भास्करभाऊंचा विषय काढायचा नाही. पण पंगतीत कोणीतरी विचारतंच, "काय गं, तुमच्या त्या डॉटचं काय झालं?" मग एक किस्सा संपत नाही तोवर दुसरा निघतो, आणि माझी जिलेबी पानातच राहते.

आधी थोडी ओळख. जळगावात सलीमचाचांचं बोर्ड रंगवायचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. भाऊ केळीच्या व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवायचे. एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, वेबसाइटच्या नावाला शेवटी डॉट कॉम लागतं, डॉट इन लागतं, मग डॉट खान्देश का नाही? जगातल्या एका मोठ्या संस्थेकडे अर्ज करावा लागतो म्हणे. केला! हातातली चालू कामं सोडून माणूस या एका नावाच्या मागे लागला. मी त्यांच्या ऑफिसात इंग्रजी पत्रव्यवहार बघते. चहाही मीच करते, कारण भाऊंचा चहा पिण्यासारखा नसतो.

*

भाऊंचे मामा जामनेरचे. त्यांनी विचारलं, "भास्कर, नेमकं विकणार काय तू?"

"मामा, इंटरनेटवरची जागा. ज्याला हवं त्यानं आपलं नाव लावायचं."

मामांनी खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाले, "एन.ए. झालेली आहे ना?"

आम्ही हसलो, पण मामा गंभीर होते. रस्ता किती फुटी, गटार आहे का, सगळं विचारलं. शेवटी भाऊ म्हणाले, "मामा, या प्लॉटवर शेजारी भिंत सरकवू शकत नाही."

"मग दोन माझ्या नावानं ठेव!" मामा म्हणाले. आमचं पहिलं बुकिंग ते. अर्जावर अजून शिक्का नव्हता!

*

बंगळुरूहून एक सल्लागार आले होते. कडक इस्त्री, गोड आवाज. म्हणाले, "भास्करजी, थोडं ग्लोबल नाव घ्या. खान्देशात इंटरनेटचं मार्केटच नाही."

भाऊंनी त्यांना गाडीत घातलं आणि फैजपूरला नेलं. तिथे एक आबा बांधावर बसून दिल्लीच्या व्यापाऱ्याला व्हिडिओ कॉलवर केळीचे घड दाखवत होते. सौदा झाला, आबांनी फोन खिशात टाकला.

भाऊ म्हणाले, "आबा, हे साहेब म्हणतात इकडे मार्केट नाही."

आबांनी साहेबांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यायले भूक लागेल दिसते. केळी दे रे कोनी!"

साहेबांनी दोन केळी खाल्ली. सल्ला पुन्हा दिला नाही.

*

मंजुरीचा पत्ता नसताना सलीमचाचांनी खाली भला मोठा बोर्ड रंगवून टाकला. पिवळ्यावर लाल अक्षरं, डॉट खान्देश! शेजारचा मोबाइलवाला खवचटपणे म्हणाला, "चाचा, परमिशन आली नाही तर पुसावं लागेल."

चाचा ब्रश धूत होते. मान वर न करता म्हणाले, "ऑइल पेंट है. पुसनेवाला आएगा तो पैले मेरे से मिलेगा."

*

मग त्या मोठ्या संस्थेच्या कमिटीचा ईमेल आला. अर्ज तपासताना त्यांना खान्देश नावाचा जिल्हा नकाशात सापडला नव्हता. जळगाव होतं, धुळे होतं, खान्देश नव्हता. असा काही समाज अस्तित्वात आहे का, विचारलं होतं.

भाऊ इतके चिडले की मला भीती वाटली. खरं सांगते, मीही चिडले होते. आमच्या आजोबा-पणजोबांनी जे नाव सांगितलं ते आता परक्या माणसाला सिद्ध करून दाखवायचं?

"लिही," भाऊ म्हणाले, "तुमचा नकाशा दुरुस्त करून घ्या."

मी नम्र इंग्रजीत लिहिलं. भाऊंनी वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. "हे प्लीज काढ."

*

आता शेवटचा. अर्जाला विरोध आला, आणि तोही आपल्याच खान्देशातून. धुळ्याचे नाना, रिटायर्ड मास्तर. त्यांच्या तिथल्या मंडळाने कमिटीला कळवलं की डॉट खान्देश जळगाववाल्यांच्या हाती देऊ नये. हा विरोध टिकला की अर्ज बाद, भाऊंची सगळी मेहनत पाण्यात. कमिटीपुढची सुनावणी एका दुपारी व्हिडिओ कॉलवर होती.

भाऊंनी काय करावं? त्याच दुपारी नानांना शेतात भरताच्या पार्टीला बोलावलं! आमच्याकडे भरताचं आमंत्रण दुश्मनही मोडत नाही. नाना आले, पण तोंड फुगवून. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली. रीत अशी की पाहुणाही नुसता बसत नाही, त्यानं वांगी सोलायची. नाना सोलायला बसले आणि भाऊंशी जुंपली. खरं खान्देशी भरीत कोणाचं, धुळ्याचं की जळगावचं? आवाज चढले. तेवढ्यात कॉल लागला.

स्क्रीनवरच्या कमिटीच्या बाईंनी शांतपणे इंग्रजीत विचारलं, आणि मी मराठीत सांगितलं, "नाना, त्या म्हणतात, तुमचा विरोध आहे. म्हणजे खान्देश असं काही नाहीच, अशी नोंद करायची का?"

भाऊंचा चेहरा उतरला. नानांनी फक्त 'हो' म्हटलं की अर्ज बाद.

नाना उठले. हातात गरम वांगं तसंच. थेट फोनसमोर जाऊन उभे राहिले.

"खान्देश नही शे? कोन म्हनस? मंग इतला दिन मी कोनासंगे भांडी राहिनू?"

मी भाषांतर करायला तोंड उघडलं. बाईंनी 'गरज नाही, कळलं' असा हात वर केला आणि लिहायला घेतलं.