एकाआड एक

आमच्या गावात पटकी आली त्या साली मी नवी सून होते. माझे मालक आणि थोरले दीर एकाच दिवशी जुलाब-उलट्यांनी आजारी पडले. थोरल्या जाऊबाईंनी आणि मी दोघांना बैलगाडीत घालून पाटोद्याला नेलं. तिथं हैदराबादहून आलेल्या डाक्टरांनी तंबू ठोकला होता. ते शिरेत सुई घालून मिठाचं पाणी चढवत. पण इलाज नवा होता. त्यानं खरंच गुण येतो का हे पडताळायला ते एका रोग्याला पाणी आणि पुढच्याला नेहमीचं औषध देत होते. आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"तुजा नवरा लई गळालाय, त्याला आदी उतरव," जाऊबाई म्हणाल्या.

माझ्या मालकांना पाणी मिळालं. दिरांना औषध मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

"माज्या धन्याला पाणी कावून दिलं न्हाई?" जाऊबाईंनी डाक्टरांना विचारलं.

डाक्टर खाली बघत म्हणाले, "बाई, त्याचा उपयोग होतो का, हे मलाच माहीत नव्हतं. आता कळलंय. आजपासून सगळ्यांना देणार."

जाऊबाईंनी मान हलवली, जणू त्यांना ते पटलं होतं.

पुढं आम्ही दोघींनी आयुष्यभर एकाच चुलीवर रांधलं. मला त्या कधी वावगं बोलल्या नाहीत. फक्त माझे मालक जेवायला बसले, की त्या उठून गोठ्यात जायच्या. त्यांना थांबा म्हणायचं धाडस माझं कधीच झालं नाही.