शिवरस्त्यावरचा हुंकार

सुरुवातीलाच वाघमारे मॅडमचं नाव लिहितो, कारण मी आज जो काही आहे तो त्यांच्यामुळे. मिरजगावजवळच्या आमच्या शाळेत त्या पी.टी. शिकवायच्या. हमालाचा पोरगा बी.ए. झाला, घरातला पहिला पदवीधर झाला आणि पोलीस भरतीला उभा राहिला, त्यामागे त्याच. दुसरं म्हणजे... भूत, चकवा, बाहेरचं वगैरे मी कधीच मानलं नाही. मित्र असलं काही सांगायला लागले की टिंगल करणारा मीच असायचो.

माझी अडचण एकच होती – हळू पळताच येत नव्हतं. ग्राउंडवर पाय ठेवला की सुसाट! त्यात नडगी दुखावली आणि पहिल्या भरतीत मधल्याच राउंडला खाली बसलो. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर पळणं विसरायचं. तेवढ्यात लॉकडाऊन लागला. मॅडम कोपरगावला माहेरी अडकल्या. ग्राउंडला कुलूप, हायवेवर पोलीस. ज्या खात्यात जायचं त्याच खात्याच्या काठ्या नकोत, म्हणून वस्तीमागच्या, गावाच्या हद्दीवरच्या शिवरस्त्यावर सकाळी एकटाच पळायला लागलो.

मॅडम फोनवर म्हणाल्या, "सध्या फक्त ईझी रन. पळता पळता धाप न लागता बोलता आलं पाहिजे."

"बोलू कुणाशी मॅडम? रस्त्यावर कुत्रं नाही."

"मग गोष्ट सांग. वाक्य तुटलं की समजायचं, पेस जास्त झाला. तिथे शहाणपणा करायचा नाही."

मला एकच गोष्ट पाठ होती, वडिलांची. धनगराची मेंढी हरवते आणि तो गावोगाव शोधत फिरतो. हवी तेवढी लांबवता येते – या गावात नाही, मग पुढच्या गावात. आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. लहानपणी आम्ही 'हं' म्हणायला विसरलो की वडील गोष्ट तिथेच थांबवायचे.

काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी "धनगर पुढच्या गावाला गेला" एवढं म्हणालो आणि उजवीकडच्या रानातून आवाज आला – "हं."

थांबलो. चांगलं उजाडलेलं होतं. ऊस असता तर कुणी लपलंय म्हटलं असतं, पण ज्वारी कधीच निघालेली, नांगरलेलं मोकळं रान... माणूस काय, शेळीसुद्धा दिसली असती. पुन्हा पळायला लागलो. वाक्य संपलं – "हं." माझ्याच बरोबरीने, तेवढ्याच अंतरावरून. घाबरून वेग वाढवला. वाक्य तुटलं, हुंकारही बंद. दमून हळू झालो, वाक्य पुरं झालं आणि पुन्हा – "हं."

कानाचा भास म्हणून सोडून दिलं असतं. पण एकदा मॅडम म्हणाल्या, "फोन चालू ठेवून पळ, तुझा दम ऐकायचाय." पळून झालं. शाबासकी मिळेल वाटलं, तर –

"सोबत कोण आहे रे?"

"कुणी नाही मॅडम."

"खोटं बोलू नको! दिवस कसले आहेत, एकटा पळ म्हणून बजावलं होतं ना? आणि शीक जरा त्याच्याकडून. तुझ्याच वेगाने पळतोय, पण दम बघ त्याचा!"

हुंकाराबद्दल मी त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता.

घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते तंबाखू मळत होते. "तुला मारलं का त्यानं?"

"नाही."

"मंग कोन आसंल ते आसू दे. गोष्ट तेवढी आर्धी ठिवू नको. ऐकनाऱ्याच्या जिवाला घोर लागतो."

मी रोज जात राहिलो. भीती गेली. हुंकार थांबला की मी हळू व्हायचो, तेच माझं घड्याळ. पावसाळा सरेपर्यंत नडगी दुखायची पूर्ण थांबली. पुढे भरती निघाली तेव्हा ग्राउंडवर जीव खाऊन पळालो. तिथे गोष्ट नाही, हुंकार नाही... पण पायांना सवय लागली होती. निवड झाली.

प्रतिध्वनी म्हणावं, तर आसपास ना डोंगर ना भिंत. फोनमधला आवाज म्हणावा, तर मी फोनशिवाय रोज काय ऐकत होतो?  आता मी कारण शोधत नाही.

निवडीचं सांगायला मॅडमना फोन केला, तेव्हा हुंकाराचंही सगळं सांगून टाकलं. शेवटच्या दिवसाचं तेवढं सांगायचं राहिलं. म्हणून पत्र टाकलं. ते असं –

"आदरणीय मॅडम,

साष्टांग नमस्कार. उद्या ट्रेनिंगला निघतोय. तुम्ही हळू पळायला शिकवलं, म्हणून इथवर पोहोचलो.

आज सकाळी शिवरस्त्याने शेवटचं पळून आलो. वडिलांनी सांगितलं होतं तशी गोष्ट पुरी केली. मेंढी सापडली म्हटल्यावर आलेला 'हं' नेहमीपेक्षा जरा लांब होता. मी थांबून म्हणालो, 'आता तुम्ही सांगा.' काहीच ऐकू आलं नाही. पण ऐकू आलं नाही म्हणजे कुणी सांगत नव्हतं, असं थोडंच आहे? म्हणून परत येताना घरापर्यंत मीच 'हं, हं' म्हणत आलो.

अगदी हळू पळालो, मॅडम. एकदाही धाप लागली नाही.

तुमचा विद्यार्थी,
दत्ता"